लिंबू नव्हे, चुना

मागे एका अंकात मेक्सिको देशातील न्याहारीच्या पदार्थांची माहिती या सदरात आली होती. तीत मका लिंबाच्या रसात उकळावा, असे छापले गेले. इंदूरच्या एका वाचक भगिनींनी ते तंतोतंत करून पाहिले आणि पत्राने कळविले की, मक्याची साल जागची हलली नाही, वाटण आंबट झाले आणि रोट्या तव्यावर पडण्यापूर्वीच हातात तुटल्या. त्यांचा राग रास्त आहे. मूळ इंग्रजी मजकुरातील ‘लाइम’ या शब्दाचा अर्थ तेथे लिंबू नसून चुना असा होता. भाषांतर माझेच. शब्दकोशात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी आहेत. मी ओळखीचा तो उचलला.

माझ्या समाधानाची गोष्ट एवढीच की, हीच चूक इतिहासात फार मोठ्या प्रमाणावर घडून गेली आहे. मेक्सिकोतील स्त्रिया हजारो वर्षांपासून मका चुन्याच्या पाण्यात शिजवीत आल्या. त्या देशाच्या जुन्या नाहुआत्ल भाषेतून आलेला ‘निश्तमाल’ हा शब्द अशा मक्यासाठी आजही रूढ आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी मक्याचे बियाणे युरोपात नेले. चुना मात्र तेथेच राहिला. मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व बद्ध स्वरूपात असते आणि चुन्याच्या संस्काराशिवाय ते अंगी लागत नाही. परिणामी केवळ मक्यावर गुजराण करणाऱ्या गरिबांत कातडी काळवंडणे, जुलाब आणि शेवटी बुद्धिभ्रंश अशी लक्षणे दिसू लागली. स्पेनमधील गास्पार कासाल या वैद्याने 1735 मध्ये या रोगाचे वर्णन केले. पुढे त्याला ‘पेलाग्रा’ हे नाव मिळाले. अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या आरंभी या रोगाने हजारो माणसे दगावली. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी हा संसर्ग नसून आहारातील उणीव आहे असे दाखविले, आणि 1937 मध्ये नायसिनचा उलगडा झाला. मेक्सिकोच्या खेड्यातील बाईला यांपैकी काहीच ठाऊक नव्हते. तिला ठाऊक होते ते इतकेच, की चुन्याविना रोटी थापता येत नाही.

आता दुरुस्त कृती. अर्धा किलो वाळलेला मका, दीड लिटर पाणी आणि खाण्याचा विरवलेला चुना, कोरड्या भुकटीच्या मापाने 5 ग्रॅम. भिंतीला लावावयाचा चुना चुकूनही घेऊ नये. भांडे स्टीलचे असावे. चुना ॲल्युमिनियमला खातो, हे मी माझ्या घरचे एक पातेले काळेठिक्कर करून शिकले आहे. पाण्यात चुना कालवून मका घालावा व मंद आचेवर 30 ते 40 मिनिटे शिजवावा. दाणा पिवळाधमक होतो आणि चिमटीत चोळला असता साल सुटते. मग झाकून रात्रभर ठेवावा. सकाळी तीन-चार पाण्यांनी चोळून धुवावा आणि वाटावा. मेक्सिकोत यासाठी ‘मेताते’ नावाचे दगडी साधन असते; आपल्या पाट्या-वरवंट्याची ते सख्खी बहीण शोभते. मिक्सरमध्ये वाटावयाचे झाल्यास पाणी चमच्या-चमच्याने घालावे, एरवी त्याचे थालीपीठच होईल. गोळा मऊ पण हाताला न चिकटणारा हवा. केळीच्या पानाच्या दोन तुकड्यांमध्ये लिंबाएवढा गोळा (येथे लिंबूच म्हणावयाचे आहे) दाबून पुरीहून थोडी मोठी रोटी करावी आणि तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजावी. हीच ‘तोर्तिया’. आपली मक्याची भाकरी गार झाली की मोडते. ही मुडपली तरी तुटत नाही.

न्याहारीला मात्र ताजी तोर्तिया लागत नाही. आपण फोडणीची पोळी करतो त्याच काटकसरीतून मेक्सिकोत ‘चिलाकिलेस’ हा पदार्थ जन्मला असावा. चौघांसाठी बारा शिळ्या तोर्तिया घ्याव्यात, प्रत्येकीचे सहा त्रिकोणी तुकडे करून तासभर वाळवावेत व कुरकुरीत तळावेत. अर्धा किलो लाल टोमॅटो, अर्धा कांदा व लसणीच्या तीन पाकळ्या कोरड्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजाव्यात. चार बेडगी मिरच्या किंचित शेकून गरम पाण्यात भिजवाव्यात. मेक्सिकोची ‘ग्वाहियो’ मिरची आपल्याकडे सहज मिळत नाही. तिचा रंग आणि सौम्यपणा मला बेडगीत सापडला. सर्व एकत्र वाटून, दोन चमचे तेलात ओतून, मीठ घालून दहा मिनिटे आटवावे. जिरे-मोहरीची फोडणी देण्याचा मोह आवरावा. पाने मांडून झाल्यावरच रस्त्यात तुकडे घालून एकदा परतावे आणि लगेच वाढावे. कडा कुरकुरीत आणि मध्य भिजलेला, ही त्याची खरी चव पाच मिनिटांत निघून जाते. वरून कुस्करलेले पनीर, दाट साय आणि कांद्याच्या चकत्या. अंडी खाणाऱ्या घरांत वर एक तळलेले अंडे ठेवतात.

सोबत घोटलेला राजमा असतो. त्याला ‘फ्रिहोलेस रेफ्रितोस’ म्हणतात. इंग्रजीच्या आधाराने पुष्कळ जण त्याचे ‘पुन्हा तळलेला राजमा’ असे भाषांतर करतात. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ ‘चांगला परतलेला’ एवढाच आहे. या वेळी मी तपासून घेतले आहे. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात खळखळ उकळून मऊ शिजवावा. अर्धकच्चा राजमा पोटाला बाधतो.

मिरची, टोमॅटो, मका आणि राजमा ही चारही अमेरिका खंडाकडून आपल्याकडे आली. उलट कांदा, लसूण आणि दुधाचे पदार्थ स्पॅनिश लोकांबरोबर मेक्सिकोत गेले. म्हणून या ताटात आपल्या बाजारात न मिळणारे असे फारसे काही नाही.

कॉफीही त्यांच्या पद्धतीने करून पाहावी. मातीच्या भांड्यात पाणी, दालचिनीचा तुकडा व गुळासारखी त्यांची उसाची ढेप उकळून त्यात कॉफी घालतात आणि निवळली की गाळून दुधाशिवाय पितात. आमच्याकडे गुळाने काम भागले. इंदूरच्या ताईंना ही कृती स्वतंत्र पत्राने पाठविली आहे.