फाट्यावरचा चौथा

पोलीस ठाण्यात खबर द्यायला मी चुलत्यांबरोबर गेले होते. त्याला आता बरीच वर्षं झाली. धाकटा चुलतभाऊ पहाटे मोटारसायकलला दुधाचे दोन कॅन अडकवून डेअरीकडे निघाला होता. गावच्या फाट्यावर महामार्ग ओलांडताना त्याला मालट्रकनं उडवलं. ठाणे अंमलदारांनी चुलत्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि लिहायला घेतलं. ते वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक ठाण्यात तोंडपाठ असतं : ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, भरधाव वेगात चालवून... चुलत्यांनी खाली सही केली. पंचनामा करून आलेले हवालदार बाहेर व्हरांड्यात उभे होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, त्या फाट्यावर दोन वर्षांतला हा चौथा. दुभाजक तुटलाय तिथं झाडं वाढलीत, येणारी गाडी दिसतच नाही. दिवा नाही, पाटी नाही." मी विचारलं, "हे लिहिलंत का तुम्ही?" ते म्हणाले, "लिहितो की. पण गुन्हा ड्रायव्हरवर लागतो ताई, झाडावर नाही."

दर जानेवारीत, रस्ता सुरक्षा अभियानाचे फलक लागले की मला तो व्हरांडा आठवतो. याच सुमारास पोलिसांच्या वाहतूक शाखा आणि महामार्ग पोलीस वर्षभराच्या कामाचा हिशेब मांडतात. इतक्या विनाहेल्मेट चालकांवर कारवाई, इतक्या बेदरकार चालकांवर गुन्हे, एवढ्या कोटींचा दंड आकारला, त्यातला एवढा वसूल झाला. वर्तमानपत्रंही तेच आकडे ठळक छापतात. या हिशेबात पावतीला पहिलं स्थान आहे आणि जीव वाचण्याला शेवटचं. हा क्रम उलटा व्हावा, एवढंच मला या आठवड्यात सांगायचं आहे.

दंडाच्या मी विरोधात नाही, हे आधीच सांगते. 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली आणि त्यातले 70 टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर नोंदले गेले. हेल्मेट नसलेले दुचाकीस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले मिळून 50 हजारांवर गेले. हेल्मेटसाठी थांबवणारा पोलीस आपला शत्रू नव्हे. 2016 साली मुंबईत एका वाहतूक हवालदारानं पेट्रोल पंपावर अल्पवयीन मुलाची दुचाकी अडवली, कागदपत्रं मागितली, म्हणून त्याच्या डोक्यात बांबू घातला गेला आणि काही दिवसांनी तो गेला. उन्हापावसात चौकात उभं राहणाऱ्या माणसाकडे आपण कसं पाहतो, हे त्या घटनेनं दाखवून दिलं. बोरघाटात ट्रक आडवा पडला की रात्री दोन वाजता पावसात क्रेन मागवणारे, गणपतीत कोकणच्या वाटेवर अवजड वाहनं थोपवून चाकरमान्यांना पुढे काढणारे, आषाढीला दिवे घाटात दिंड्यांच्या बाजूनं चालणारे हेच लोक असतात. त्यांच्या वर्षाच्या कामातला हा भाग कुठल्याच तक्त्यात धड येत नाही.

म्हणूनच तक्ता बदलायला हवा.

2022 सालची महाराष्ट्राची नोंद पाहा. 33,383 अपघात आणि 15,224 मृत्यू, म्हणजे दिवसाला 41 हून अधिक माणसं. मृत्यूंत उत्तर प्रदेश आणि तामिळनाडूनंतर आपला क्रमांक लागला. पण मला जास्त टोचतो तो दुसरा हिशेब. त्याच वर्षी तामिळनाडूत 64,105 अपघात झाले, आपल्यापेक्षा जवळपास दुप्पट, आणि मृत्यू 17,884. तिथे शंभर अपघातांमागे 28 जण दगावले, आपल्याकडे 46 च्या आसपास. किरकोळ अपघात आपल्याकडे कमी नोंदले जात असतील, त्यामुळे हे प्रमाण थोडं फुगलेलं असेल, हे मी मान्य करते. तरी एवढी दरी निव्वळ नोंदीच्या फरकानं पडते, यावर माझा विश्वास बसत नाही. तामिळनाडूनं डिसेंबर 2021 पासून अपघातग्रस्ताच्या पहिल्या 48 तासांच्या उपचारांचा खर्च सरकारवर घेतला. जखमीला दारातून परत पाठवायचं कारणच रुग्णालयाकडे उरू नये, असा त्यामागचा विचार.

आपल्याकडेही या दिशेनं काही झालं आहे आणि ते पोलिसांनीच केलं आहे. महामार्ग पोलिसांनी 1 मार्च 2021 पासून 'हायवे मृत्युंजय दूत' योजना सुरू केली. ढाबेवाले, पेट्रोल पंपावरची पोरं, महामार्गालगतच्या गावांतले तरुण यांचे गट करायचे, त्यांना प्रथमोपचार शिकवायचे, स्ट्रेचर द्यायचं, जवळचं रुग्णालय कोणतं ते सांगून ठेवायचं. 108 ची रुग्णवाहिका पोचेपर्यंत जखमीला कसं उचलायचं, मान कशी धरायची हे माहीत असलेला माणूस तिथं असावा, ही साधी आणि शहाणी कल्पना आहे. माझ्या भावाला फाट्यावरच्या चहावाल्यानं हाता-पायाला धरून जीपमध्ये घातलं होतं. त्याचा हेतू चांगलाच होता. शिकवलं कुणी नव्हतं.

आणि त्या चहावाल्यालाही पोलिसांची भीती होतीच. नाव विचारतील, साक्षीला बोलावतील, कोर्टाच्या खेपा घालाव्या लागतील. सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये मदतकर्त्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक रूप दिलं, पुढे 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात 134 अ हे कलमच आलं. मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीची सक्ती नाही. हे गावोगाव सांगायला पोलिसांइतका योग्य माणूस दुसरा नाही, कारण भीती त्यांचीच आहे. वर्षभरात किती जखमी अशा लोकांनी वेळेत पोचवले, त्यातले किती जगले, हा आकडा मला वार्षिक हिशेबाच्या पहिल्या पानावर हवा आहे.

आता जागेकडे येते. राष्ट्रीय महामार्गावर सुमारे 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, अथवा दहा माणसं मेली, तर ती जागा 'ब्लॅक स्पॉट' ठरते. हवालदारांनी 'चौथा' म्हटलं तेव्हा मला या नियमाची कल्पना नव्हती. नंतर कळलं, की आमचा फाटा एका अपघातानं कमी पडला होता. या मोजपट्टीत मला क्रूरता दिसते आणि ती बदलण्यासाठी थांबायची गरज नाही. चौथ्या अपघाताला, खरं तर दुसऱ्यालाच, ठाण्यातून रस्त्याच्या मालकाकडे लेखी पत्र गेलं पाहिजे : अमुक झाड तोडा, अमुक ठिकाणी दिवा लावा, दुभाजक लोकांनी का फोडला ते आधी विचारा. लोक दुभाजक मौजेखातर फोडत नाहीत. भुयारी मार्ग दोन किलोमीटरवर ठेवला आणि शेत समोर असलं, की तो फुटतोच.

रस्ता पोलिसांचा नसतो, हे खरं आहे. कुठला राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, कुठला रस्ते विकास महामंडळाचा, कुठला सार्वजनिक बांधकाम विभागाचा. पण रस्त्यानं माणूस कसा मारला, हे सगळ्यात आधी पाहणारा पोलीसच असतो. आज त्याच्या हातात साधनही आहे. आयआयटी मद्रास आणि एनआयसी या सरकारी संस्थेनं केलेली अपघात नोंदणीची केंद्रीय प्रणाली 2021 पासून वापरात आली, सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. जागेवर उभं राहून मोबाइलमध्ये ठिकाण, फोटो, रस्त्याची अवस्था भरता येते. म्हणजे व्हरांड्यातलं बोलणं आता नोंदीत येऊ शकतं. शिवाय 2019 च्या त्याच दुरुस्तीतलं 198 अ कलम आहे : रस्त्याची रचना, बांधकाम वा देखभाल ठरल्या मानकांप्रमाणे नसल्यानं मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला वा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड. चालकावर लावायची कलमं 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत नव्या क्रमांकांनी आली, ती ठाण्याठाण्यांत पाठ झाली. 198 अ किती ठाण्यांत पाठ आहे? हे कलम वर्षभरात किती वेळा लावलं, असा एक रकाना हिशेबात यावा. पहिल्या वर्षी तिथं शून्य आलं तरी चालेल. ते शून्य छापलेलं दिसू दे.

असं काम होऊ शकतं, याचा पुरावा आपल्याच दारात आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 साली 151 माणसं मेली. त्या वर्षापासून सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी मिळून हा मार्ग शून्य मृत्यूचा करण्याचं काम हाती घेतलं. प्रत्येक मोठ्या अपघाताच्या जागी जाऊन माणूस नेमका कशानं मेला, हे शोधलं गेलं. कडेला बंद पडलेल्या ट्रकवर मागून गाडी आदळते, उघड्या खांबावर किंवा कठड्याच्या टोकावर चढते, ही कारणं पुढे आली. मग कठडे बसले, थांबलेली वाहनं हटवायला गस्त वाढली, वेगावर नजर आली. पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. रस्ता तोच होता आणि ज्यांना बेशिस्त म्हणून शिव्या घालतात ते चालकही तेच होते.

समृद्धी महामार्गाच्या वेळी हा धडा हाताशी होता. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला आणि 1 जुलै 2023 ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ बस पेटून 25 जण गेले. 500 हून अधिक किलोमीटरचा सरळ रस्ता लोकांसाठी उघडताना थांबे, उपाहारगृहं, विश्रांतीच्या जागा नंतर येतील असं आपण चालवून घेतलं. चालकाला झोप आली तर त्यानं गाडी कुठं लावायची होती?

आमच्या फाट्याची हकीकत राहिली. त्याच पावसाळ्यात त्या हवालदारांनी एका कामावरून डांबराची तीन रिकामी पिंपं मागून आणली, पांढरी रंगवली, वाळू भरली, वर लाल रेडियमच्या पट्ट्या चिकटवल्या आणि दुभाजकाच्या तोंडाशी ठेवली. झाडाच्या फांद्या गावातल्या पोरांकडून छाटून घेतल्या. हे त्यांच्या कुठल्या कामात मोजलं गेलं असेल असं मला वाटत नाही. पुढे त्यांची बदली झाली. दिवा यायला आणखी बराच काळ गेला. पिंपं अजून तिथं आहेत. ट्रकच्या चाकांनी उडालेला चिखल पट्ट्यांवर बसतो, म्हणून चुलते दर दोन-तीन दिवसांनी दिवस मावळताना ओलं फडकं घेऊन फाट्यावर जातात आणि तिन्ही पुसून येतात.