खाती अनेक, खातेदार एक



बँकेच्या कर्जव्यवहारातील एक नियम आपल्यापैकी अनेक व्यापारी बंधूंना अनुभवाने ठाऊक असेल. एखाद्या व्यापाऱ्याने बँकेकडून कॅश क्रेडिट घेतले आहे, गोदामासाठी मुदत कर्ज घेतले आहे आणि टेम्पोसाठीही कर्ज घेतले आहे. पहिली दोन खाती अगदी नियमित आहेत. परंतु तिसरे खाते ९० दिवसांहून अधिक थकले, तर रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार त्या बँकेतील त्याची सर्वच कर्जखाती अनुत्पादक धरली जातात. वर्गीकरण खात्याचे होत नाही, कर्जदाराचे होते. कारण साधे आहे. खाती वेगळी असली तरी ती फेडणारा माणूस एकच असतो.

प्रकृतीच्या बाबतीत मात्र आपली कुटुंबे हा नियम पाळत नाहीत. साखरेसाठी एक डॉक्टर, थायरॉइडसाठी दुसरे, मुलीच्या पाळीच्या तक्रारीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि रक्तदाबाची गोळी मात्र चार वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर परस्पर औषधाच्या दुकानातून. प्रत्येकाची फाइल निराळी, पिशवी निराळी. एकाने काय लिहून दिले हे दुसऱ्याला ठाऊक नसते. या सर्व खात्यांची अखेरची वसुली ज्याच्याकडून होते ते हृदय मात्र एकच आहे. मी वाणिज्य शाखेचा माणूस, वैद्य नव्हे. परंतु हिशेब एकत्र मांडण्याची सवय आयुष्यभराची असल्याने या महिन्यात हाच विषय घेतला आहे.

साखर हा उशिरा येणारा निरोप

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आकडा मोठा आहेच. परंतु त्याहून महत्त्वाचे आहे ते मधुमेह म्हणजे काय हे नीट समजून घेणे.

मधुमेह हा केवळ साखर खाण्याचा आजार नव्हे. तो मुळात संप्रेरकाचा, म्हणजे हार्मोनचा बिघाड आहे. स्वादुपिंडातून स्रवणारे इन्शुलिन हे संप्रेरक रक्तातील साखरेला पेशींत प्रवेश मिळवून देते. पोटाभोवती चरबी साठली, हालचाल कमी झाली, की पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्शुलिन सोडून काम भागवू लागते. या काळात साखरेचा अहवाल अनेक वर्षे चांगला येऊ शकतो.

परंतु आत काय चाललेले असते? वाढलेल्या इन्शुलिनमुळे मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात आणि रक्तदाब चढू लागतो. यकृत ट्रायग्लिसराइड हे मेद अधिक तयार करते, उपकारक एचडीएल घटते आणि रक्तवाहिन्यांचे आतील नाजूक अस्तर बिघडू लागते. अमेरिकेतील डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये या साऱ्या बिघाडांचा एकत्रित विचार मांडला आणि त्याला ‘सिंड्रोम एक्स’ असे नाव दिले. तात्पर्य असे की, साखर वाढल्याचे कळते तेव्हा हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे नुकसान बहुधा आधीच सुरू झालेले असते. ‘नुकतीच साखर निघाली आहे, अजून काही झालेले नाही’ हे आपले समाधान म्हणूनच फसवे ठरते.

वजनकाट्याची साक्ष अपुरी

‘आमच्या घरात कोणी जाड नाही’ हे दुसरे समाधान. याचे उत्तर पुण्यातूनच मिळाले आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणात वजन पाहणारा बीएमआय हा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३ होता. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाले. दिसायला सडपातळ, पण आत चरबी अधिक, अशी आपल्यापैकी पुष्कळांची घडण आहे.

म्हणून वजनापेक्षा कमरेचा घेर पाहावा. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरली जाते. कापडाच्या दुकानात रोज मीटर हाताळणाऱ्या आपल्या बंधूंना हे माप घेण्यास दवाखान्यात जाण्याची गरज नाही. सकाळपासून गादीवर बसणे, दर गिऱ्हाइकाबरोबर अर्धा कप चहा, दुपारचे जेवण तीन वाजता आणि अधूनमधून फरसाण, हा व्यापारी दिनक्रम पोटाचा घेर वाढवण्यास पुरेसा आहे. दुपारच्या जेवणानंतर लगेच न बसता बाजारपेठेत पंधरा मिनिटांची एक फेरी मारली, तरी जेवणानंतर चढणारी साखर कमी होते.

थायरॉइडचे दुर्लक्षित खाते

थायरॉइड ग्रंथी मंद झाली की थकवा, बद्धकोष्ठता, थंडी सोसत नाही अशा तक्रारी येतात. हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु या संप्रेरकाची कमतरता झाली की यकृताची घातक एलडीएल कोलेस्टेरॉल रक्तातून उचलण्याची क्षमताही घटते. परिणामी कोलेस्टेरॉल वाढते आणि रक्तदाबाचा खालचा आकडाही चढू शकतो. अशा व्यक्तीने थायरॉइडची तपासणी न करताच कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली, तर मूळ कारण तसेच राहते. शिवाय थायरॉइड मंद असताना त्या गोळीने स्नायू दुखण्याचा त्रासही अधिक संभवतो. कोलेस्टेरॉल प्रथमच वाढलेले आढळल्यास टीएसएच चाचणीही करून घ्यावी, असे डॉक्टर सांगतात ते याचसाठी.

उलट बाजूही ध्यानात असावी. थायरॉइडचे प्रमाण जास्त झाले, मग ते आजाराने असो वा गोळीचा डोस अधिक झाल्याने असो, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि त्यातून पक्षाघाताचा धोका संभवतो. म्हणून वर्षानुवर्षे तीच गोळी त्याच मात्रेत घेत राहणे योग्य नव्हे.

घरातील स्त्रियांचा हिशेब

या विषयात सर्वाधिक उपेक्षा होते ती स्त्रियांची. मधुमेह झाल्यावर हृदयविकाराचा धोका पुरुषांपेक्षा स्त्रियांत तुलनेने अधिक पटींनी वाढतो, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. तरीही छातीत दुखण्याची चिंता आपण घरातील पुरुषांपुरतीच करतो.

हा हिशेब तरुणपणीच सुरू होतो. मुलीची पाळी अनियमित आहे, चेहऱ्यावर केस किंवा पुरळ येत आहेत, मानेची त्वचा काळसर मखमली झाली आहे, ही पीसीओडीची लक्षणे असू शकतात. पुष्कळदा तिच्या मुळाशी तोच इन्शुलिनचा बिघाड असतो आणि पुढे मधुमेहाची शक्यता वाढते. आपल्याकडे मात्र लग्नाच्या बोलण्यांत अडचण नको म्हणून ही गोष्ट दडवली जाते. पाळी येण्यापुरत्या गोळ्या घेतल्या जातात आणि साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांची तपासणी राहून जाते. वजन जास्त असल्यास ते पाच ते दहा टक्के कमी केल्यानेही या विकारात चांगली सुधारणा होते. लपवण्यात जी वर्षे जातात, तीच उपचाराची खरी वर्षे असतात.

दुसरा टप्पा गर्भारपणाचा. त्या काळात वाढलेली साखर बाळंतपणानंतर बहुधा उतरते आणि फाइल बंद होते. वास्तविक अशा स्त्रीला पुढे मधुमेह होण्याचा धोका अनेक पटींनी अधिक असतो. बाळंतपणानंतर सुमारे सहा ते बारा आठवड्यांनी आणि त्यानंतरही ठरावीक अंतराने तिची साखर तपासली पाहिजे. घरात सर्वांचे लक्ष बाळाकडे असताना ही तारीख सासूबाईंनी किंवा पतीने लक्षात ठेवावी.

तिसरा टप्पा पाळी जाण्याचा. इस्ट्रोजेन घटते, पोटाभोवती चरबी साठू लागते आणि एलडीएल वाढते. पन्नाशीच्या वहिनी जिना चढताना थांबतात, लवकर थकतात. ‘वय झाले’ म्हणून आपण तो विषय तेथेच संपवतो. तो विषय डॉक्टरांपर्यंत गेला पाहिजे.

न दुखणारा झटका

दीर्घकाळच्या मधुमेहाने संवेदना वाहून नेणाऱ्या नसा बोथट होतात. त्यामुळे हृदयविकाराच्या झटक्यात छातीत कळ येईलच असे नाही. अचानक दम लागणे, थंड घाम, मळमळ, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थता, अकारण गळून जाणे, एवढीच लक्षणे असू शकतात. माझ्या परिचयातील एका आडत व्यापाऱ्यांना सौद्याच्या वेळी जळजळ आणि घाम सुरू झाला. ॲसिडिटी समजून त्यांनी दोन दिवस सोडा घेतला. तिसऱ्या दिवशी ईसीजी काढला तेव्हा झटका येऊन गेल्याचे कळले. ते वाचले, परंतु हृदयाची शक्ती कायमची उणावली. मधुमेही व्यक्तीला अशी लक्षणे दिसल्यास विनाविलंब ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. तिने स्वतः गाडी चालवत जाऊ नये.

तप आणि औषधे

चौविहारामुळे सूर्यास्तापूर्वी होणारे जेवण आणि ऊनोदरीची शिकवण या दोन्ही गोष्टी साखरेच्या नियंत्रणास साहाय्यक आहेत. परंतु उपवासाच्या दिवशी औषधांचा विचार वेगळा करावा लागतो. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी नेहमीच्या मात्रेत घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायकरीत्या उतरते आणि त्याचा ताण हृदयावरही येतो. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असते अशा गोळ्या घेत असताना दीर्घ किंवा निर्जल उपवास केल्यास शरीरातील पाणी घटून रक्तात आम्ल साचण्याचा गंभीर धोका असतो. म्हणून पच्चक्खाण घेण्यापूर्वी, शक्यतो काही दिवस आधी, डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवावी. तप यथाशक्ति करावे असेच आपली परंपरा सांगते, आणि शक्तीचा अंदाज घेताना हा सल्लाही धरावा. थायरॉइडची गोळी नवकारशीनंतर उकाळलेल्या पाण्याबरोबर घेऊन पुढे किमान अर्धा तास चहा टाळला, म्हणजे नियमही सांभाळला जातो आणि गोळीचा गुणही येतो. पारण्याला तळलेले आणि गोड एकदम खाणे मात्र टाळावे.

आणखी एक बाब. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेतल्याने ब-१२ जीवनसत्त्व घटू शकते. शाकाहारात ते मुळातच कमी मिळते. पायांची जळजळ केवळ साखरेमुळे आहे असे गृहीत धरू नये. ब-१२ही तपासून घ्यावे.

एकत्रित उपचाराचा लाभ

सर्व खाती एकत्र सांभाळल्याने खरोखर लाभ होतो का, याचे उत्तर डेन्मार्कमधील ‘स्टेनो-२’ अभ्यासाने दिले आहे. मधुमेह असलेल्या आणि लघवीतून सूक्ष्म प्रथिने जाऊ लागलेल्या १६० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला त्या काळचे नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटात साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम, धूम्रपान या सर्वांवर एकाच वेळी काटेकोर लक्ष ठेवले. सुमारे आठ वर्षांनंतर, २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा दुसऱ्या गटातील हृदय व रक्तवाहिन्यांच्या दुर्घटना निम्म्याने कमी झाल्या होत्या. एकवीस वर्षांनी पुन्हा पाहिले असता त्या गटाचे आयुर्मान सुमारे आठ वर्षांनी अधिक भरले. चमत्कारिक असे त्यात एकही औषध नव्हते. होता तो एकत्रित पाठपुरावा.

प्रत्येकाचे एक पान

आता आपण काय करावे? दीपावलीला आपण नव्या वह्यांचे पूजन करतो. त्याच दिवशी घरातील तिशीपुढील प्रत्येकासाठी, स्त्रियांसह, एक पान तयार करावे. त्यावर पुढील नोंदी असाव्यात:

१. कमरेचा घेर आणि रक्तदाब. मधुमेहींसाठी रक्तदाब सामान्यतः १३०/८० च्या खाली असावा.

२. उपाशीपोटी साखर व तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी चाचणी. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ व त्यापुढे मधुमेह.

३. एलडीएलसह कोलेस्टेरॉल. मधुमेहींना ते किती खाली असावे, हे डॉक्टरांना विचारून पानावरच लिहावे.

४. टीएसएच, आणि मधुमेह असल्यास क्रिएटिनिन व लघवीतील अल्ब्युमिन.

५. चालू असलेली सर्व औषधे व मात्रा. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी घेतलेली स्टेरॉइडही, कारण त्यांनी साखर व रक्तदाब दोन्ही वाढतात. अशी गोळी मनाने एकाएकी बंद मात्र करू नये.

६. कुटुंबाचा इतिहास: कोणाला, कोणत्या वयात हृदयविकार झाला, कोणाला गर्भारपणी साखर होती.

हे पान प्रत्येक डॉक्टरांपुढे, तक्रार कोणतीही असो, प्रथम ठेवावे आणि एका डॉक्टरांना या साऱ्याचा एकत्रित विचार करण्याची विनंती करावी. लेख वाचून कोणीही औषधात परस्पर बदल करू नये, हे आवर्जून सांगतो.

दुकानाचा ताळेबंद आपण दरवर्षी हिशेब तपासनिसांकडून तपासून घेतो. येत्या नव्या वहीच्या दिवशी घरातील माणसांचाही ताळेबंद मांडला जावा, आणि त्यात पहिले पान घरातील गृहिणीचे असावे, ही विनंती.