बॅटरी तिसऱ्या मजल्यावर का चढते?

रात्री आठच्या सुमारास पुण्या-ठाण्यातल्या जुन्या सोसायट्यांच्या जिन्यात एक दृश्य आता नेहमीचं झालं आहे. कामावरून परतलेला तरुण स्कूटरची सीट उचलतो, खालची दहा-बारा किलोची बॅटरी काढतो आणि तिसऱ्या मजल्यावर घेऊन जातो. दार उघडलं की चपलांचा रॅक, त्याच्या शेजारी पंधरा अँपिअरचा प्लग. बॅटरी तिथेच लागते आणि सकाळपर्यंत तशीच राहते. जेवणं होतात, अंथरुणं पडतात, दिवे मालवतात, चार्जरचा बारका पंखा मात्र घरघरत असतो. घराबाहेर पडायची वाट एकच, आणि ती या बॅटरीच्या बाजूने जाते.

हे कोणी हौसेने करत नाही. पार्किंगमध्ये प्लग पॉइंट मागितल्यावर कमिटीने नाही म्हटलेलं असतं. बिल कॉमन मीटरवर येईल, एकाला दिलं की सगळे मागतील, उद्या आग लागली तर जबाबदार कोण, ही कारणं ठरलेली. आगीच्या भीतीने खाली नाकारलेली बॅटरी मग रोज रात्री हॉलमध्ये येऊन बसते. हा नकार सोसायट्यांनी मागे घेतला पाहिजे, कारण धोका त्याने टळत नाही, तो माणसं झोपतात तिथे जातो.

वसईतली सप्टेंबर २०२२ मधली घटना आठवावी. घरात चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी पहाटे फुटली. त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये तामिळनाडूत वेल्लोरला रात्री चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटली आणि धुरात गुदमरून बाप-लेक गेले. मुलगी तेरा वर्षांची होती. १२ सप्टेंबर २०२२ रोजी सिकंदराबादमध्ये खाली ई-बाइकची शोरूम आणि वर लॉज अशा इमारतीला आग लागली. धूर जिन्याने वर चढला आणि आठ जणांचे प्राण गेले. वाहनं वेगवेगळी, गावं वेगवेगळी, पण प्रत्येक वेळी आग माणसं राहत होती तिथेच किंवा त्यांच्या खाली लागली.

लिथियमची बॅटरी म्हणजे बोटाएवढ्या सेलची रांगच. प्रत्येक सेलमध्ये धन आणि ऋण थरांच्या मधे केसाहून पातळ प्लास्टिकचा पडदा असतो. सेल १३० अंशांच्या आसपास तापला की हा पडदा वितळू लागतो. दोन्ही थर भिडले की उष्णता आणखी वाढते, ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो आणि शेजारचा सेल पेट घेतो. काही रसायनांमध्ये धन थरातूनच ऑक्सिजन सुटतो. त्यामुळे वरून गोधडी टाकून किंवा वाळू ओतून ही आग विझत नाही. भरपूर पाणी मारून सेल थंड करावे लागतात, आणि विझल्यासारखी वाटलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. धूर विषारी असतो. अशा वेळी बॅटरी उचलून बाहेर न्यायला जाऊ नये. माणसं बाहेर काढावीत, दार ओढून घ्यावं आणि १०१ ला फोन करावा.

अशा घटना वापराच्या मानाने क्वचित घडतात. चांगल्या कंपनीची, धक्का न लागलेली बॅटरी वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते. अडचण बरेचदा सवयीची असते. आपल्याकडे घरोघरी बॅटरीची ओळख झाली ती इन्व्हर्टरमुळे. शिसं-आम्लाची ती बॅटरी सदा भरलेली हवी, रिकामी राहिली की खराब होते. तीच शिस्त लोकांनी लिथियमला लावली. लिथियमचं वेगळं आहे. पूर्ण भरून उन्हात ठेवली की ती लवकर झिजते, तळापर्यंत उतरवून महिनोन्महिने ठेवली तरी बिघडते. सेलचा विद्युतदाब फारच खाली गेला तर आतलं तांबं विरघळू लागतं. अशी बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावली की आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती असते.

म्हणून गणपतीला दहा-पंधरा दिवस कोकणात जाताना स्कूटर निम्मी भरलेली, सावलीत आणि चार्जर काढून ठेवावी. पॉवर बँक आणि ड्रिलची बॅटरी यांनाही हेच लागू. विमानाने माल म्हणून पाठवायच्या सुट्या लिथियम-आयन बॅटरीत ३० टक्क्यांहून जास्त चार्ज नको, असा आंतरराष्ट्रीय नियम २०१६ पासून आहे. कमी भरलेली बॅटरी पेटली तरी कमी भडकते, हेच त्यामागचं कारण. मेमधल्या उन्हातून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये, आधी तासभर थंड होऊ द्यावी. २५ जुलै २०२४ रोजी पुण्यात सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत पुराचं पाणी पार्किंगमध्ये शिरलं होतं. अशा पाण्यात बुडालेली बॅटरी वरून वाळली तरी सर्व्हिस सेंटरने तपासल्याशिवाय प्लगला लावू नये.

चार्जरची गोष्ट जरा थांबून समजून घेण्यासारखी आहे. बाजारात ‘४८ व्होल्ट’ म्हणून दोन वेगळ्या जातींच्या बॅटऱ्या मिळतात. एकीत निकेल-मँगनीज-कोबाल्टचे १३ सेल ओळीने जोडलेले असतात. प्रत्येकाची मर्यादा ४.२ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरल्यावर ५४.६. दुसरीत लोह-फॉस्फेटचे १६ सेल, प्रत्येकी ३.६५ व्होल्ट, म्हणजे ५८.४. पिन दोघांनाही बसू शकते. दुसरीचा चार्जर पहिलीला लावला तर प्रत्येक सेलवर ४.२ ऐवजी जवळजवळ साडेचार व्होल्ट चढू पाहतात. मग सगळी भिस्त आतल्या संरक्षक सर्किटवर राहते, आणि स्वस्तात बांधलेल्या बॅटरीत तेच कच्चं असतं. मूळ चार्जर बिघडला म्हणून चारशे-पाचशे रुपये वाचवणं असं महागात पडतं.

२०२२ च्या आगींनंतर केंद्राने ई-वाहनांच्या बॅटरी-सुरक्षेचं एआयएस-१५६ हे मानक कडक केलं आणि ते डिसेंबर २०२२ पासून दोन टप्प्यांत लागू झालं. नव्या गाड्यांसाठी ते उपयोगी ठरलं. पण त्याआधी विकलेल्या गाड्या आणि गल्लीतल्या दुकानात बांधून घेतलेल्या बॅटऱ्या आजही वापरात आहेत. महाराष्ट्राच्या २०२१ च्या ई-वाहन धोरणात नव्या निवासी इमारतींमधलं किमान २० टक्के पार्किंग चार्जिंगसाठी तयार ठेवण्याची तरतूद होती. जुन्या इमारतींत राहणाऱ्यांची सोय मात्र त्यांच्या सोसायटीनेच करायची आहे.

ती अवघड नाही. तळमजल्यावर, जिन्यापासून, लिफ्टपासून आणि मीटर बॉक्सपासून लांब, पावसाचं पाणी येणार नाही अशी एक भिंत निवडावी. तिथे स्वतंत्र एमसीबी आणि ईएलसीबी (बिघाड होताच वीज तोडणारे स्विच), नीट अर्थिंग, पंधरा अँपिअरचे प्लग आणि प्रत्येक सभासदाचा सबमीटर बसवावा. एक्स्टेन्शन बोर्डाला बंदी असावी. स्कूटर एकदा भरायला साधारण दोन-तीन युनिट लागतात, तेव्हा कॉमन बिलाचा वाद सबमीटरने मिटतो. परवानाधारक इलेक्ट्रिशियन हे काम चार दिवसांत करून देईल. भाडेकरूलाही हा प्लग मिळाला पाहिजे, कारण डिलिव्हरीची स्कूटर चालवणारे बरेचसे तेच असतात आणि रोज चार्जिंगची गरजही त्यांनाच जास्त.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होतात. यंदाच्या विषयपत्रिकेत हा विषय लेखी द्यावा आणि ठराव करूनच उठावं. तोवर ज्यांना बॅटरी घरात आणणं भागच आहे त्यांनी ती दारापासून, पलंगापासून आणि पडद्यांपासून लांब, उघड्या फरशीवर ठेवावी, कंपनीच्याच चार्जरने भरावी आणि झोपायच्या आधी प्लग काढावा.