आयंबिलच्या ताटाला पेप्टाइडचा दाखला कशाला?



आश्विनाची ओळी जवळ आली आणि तो संदेश पुन्हा फिरायला लागला. मूग, उडीद, चणे, गहू, तांदूळ यांत म्हणे ‘बायोअ‍ॅक्टिव्ह पेप्टाइड’ असतात, ते बीपी उतरवतात, साखर खाली आणतात, कॅन्सरलाही अडवतात. म्हणून नऊ दिवस आयंबिल करा आणि गोळ्या बंद करा! चैत्रात तर आमच्या आयंबिलशाळेच्या दारात एक बाई याच नावाची पावडर विकत होत्या. डबा अडीच हजारांना. तिघीचौघींनी घेतलाही.

मला याचा राग आहे.

आधी त्यात खरं किती ते बघू. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ती तुटून जे छोटे तुकडे होतात ते पेप्टाइड. कोरड्या डाळीत 100 ग्रॅममागे साधारण 20 ते 25 ग्रॅम प्रथिन असतं, आणि त्याचे काही तुकडे परीक्षानळीत एसीई नावाच्या, रक्तदाब वाढवणाऱ्या विकराला रोखतात. हे खोटं नाही. बीपीच्या काही गोळ्याही हेच काम करतात. त्यांतली पहिली, कॅप्टोप्रिल, ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषातल्या पेप्टाइडवरून सुचली. (घाबरू नका, गोळीत साप नसतो, ती रसायनांपासूनच बनते.)

पण प्रयोगशाळेत हे तुकडे होतात कसे? डाळीतलं प्रथिन वेगळं काढायचं, त्यावर बाहेरचं विकर घालायचं, ठरावीक उष्णतेला ठरावीक वेळ ठेवायचं, मग गाळायचं. आपल्या पोटात कोण एवढं मोजून करतं? तिथे माळेचे बहुतेक मणी सुटेच होतात. इन्सुलिनच घ्या. तेही 51 अमिनो आम्लांचं पेप्टाइडच आहे. गिळून भागत असतं तर आपल्या सासूबाईंनी रोज सुई टोचून घेतली असती का?

बरं, पचनातून टिकलेला तुकडा गुणाचाच असतो असंही नाही. गव्हाच्या ग्लुटेनमधला 33 अमिनो आम्लांचा एक तुकडा पोटातल्या विकरांना दाद देत नाही. सिलिअ‍ॅक असलेल्यांच्या आतड्याला तोच त्रास देतो.

सोयाबीनमधल्या ल्युनासिनचा तर केवढा गाजावाजा झाला! नावच ‘औषध’ या अर्थाच्या फिलिपिनो शब्दावरून ठेवलेलं. गव्हात आणि सातूतही ते सापडल्याचं छापून आलं, पण पुढच्या तपासण्यांत ते तिथे दिसेना. एएलएस या मज्जातंतूंच्या आजारावर ते चालतं अशी आशा पसरली, तेव्हा अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात 50 रुग्णांना ते वर्षभर देऊन पाहिलं. आजाराचा वेग कमी झाला नाही.

आणि इकडे आपण डबा उघडून दुधात चमचा ढवळतो.

शेजारच्या काकूंनी चैत्रात तो संदेश वाचून बीपीची गोळी सोडली. सातव्या दिवशी डोकं धरून खाली बसल्या, रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. संदेश पाठवणारीचं उत्तर काय, तर ‘श्रद्धा कमी पडली असेल.’ अशा वेळी मला गप्प बसवत नाही.

‘पण ताई, विज्ञानानं आपलंच म्हणणं सिद्ध केलं ना?’ असं कुणी म्हणेल. कोणतं म्हणणं? आयंबिलमध्ये आपण दूध, दही, तूप, तेल, गूळ सोडतो तो रसत्याग. जिभेला आवर आणि कर्मनिर्जरा, यासाठी. बीपी उतरावं म्हणून जेवलेलं अळणी जेवण म्हणजे पथ्य, आणि पथ्याचं पच्चक्खाण कुणी घेत नाही. उद्या एखाद्या अभ्यासात मुगाचा काही उपयोग नाही असं निघालं, तर ओळी सोडणार आहात का?

डाळ-भात चांगलाच आहे. तांदळात लायसिन कमी, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात. आजीला ही नावं माहीत नव्हती, तरी तिचं ताट बरोबरच होतं.

ओळी बसण्याआधी डॉक्टरांना विचारा, साध्वीजींनाही विचारा. पच्चक्खाणातच समाधीसाठी औषधाची सूट, म्हणजे आगार ठेवलेला आहे, तो कसा घ्यायचा ते त्या सांगतील. पावडरवाल्या बाईंना दारात उभं करू नका असं मी आमच्या मंडळात सांगून ठेवलंय. तुमच्या संघातही कुणीतरी बोला.