धनुष्याची मूठ : एका उपेक्षित हाताविषयी

भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन आपल्या विषादाची जी लक्षणे सांगतो, ती वैद्यकीय व्यवसायातील माणसाने वाचली, तर आपण एखाद्या रुग्णाची ‘हिस्टरी’च ऐकत आहोत असे त्याला वाटते. गात्रे शिथिल होणे, तोंडाला कोरड पडणे, शरीराला कंप सुटणे, अंगावर रोमांच उभे राहणे, त्वचेचा दाह होणे आणि हातातून गांडीव गळून पडणे, अशी ती यादी आहे. गांडीव गळून पडते ते धनुष्य धरणाऱ्या हातातून, प्रत्यंचा ओढणाऱ्या हातातून नव्हे. एरवी आपली परंपरा गौरव करते तो ओढणाऱ्या हाताचा. द्रोणाचार्यांनी एकलव्याकडे मागितला तो उजव्या हाताचा अंगठा. अर्जुनाला ‘सव्यसाची’ म्हटले गेले ते डाव्या हातानेही बाण सोडण्याच्या कौशल्यामुळे. धनुष्य पेलणारा हात मात्र कथेतही उपेक्षित राहिला आणि क्रीडांगणावरही.

ही उपेक्षा माझ्या हातूनही घडली आहे. प्रस्तुत लेख हा काही अंशी त्याचा कबुलीजबाब समजावा.

काही वर्षांपूर्वी उधना भागातील एक मराठी गृहस्थ आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. कुटुंब मूळचे खानदेशातील, वडील कापडाच्या कारखान्यात नोकरीला. मुलगी शाळेतर्फे धनुर्विद्या शिकत होती. सराव झाला की डावे मनगट दुखते आणि अंगठ्याला मुंग्या येतात, अशी तिची तक्रार होती. मी हात तपासला, क्ष-किरण चित्र काढले, त्यात काही आढळले नाही. तेव्हा आपण सारेच देतो तो सल्ला मी दिला : सहा आठवडे सराव बंद, मनगटाला पट्टा आणि वेदनाशामक गोळ्या. सहा आठवड्यांनी दुखणे थांबले. सराव सुरू होताच पंधरवड्यात ते परत आले. मी पुन्हा विश्रांती सांगितली. तिसऱ्या खेपेस ती सरावाला जाता जाता आली, म्हणून धनुष्य तिच्यासोबत होते. निव्वळ कुतूहलाने मी म्हटले, “बेटा, हे धरतेस तरी कसे, दाखव पाहू.”

तिने धनुष्याची मूठ हातोडा धरावा तशी पाचही बोटांनी आवळून धरली. मूठही मूळची राहिली नव्हती. मुलीच्या हाताला टोचू नये म्हणून वडिलांनी मोठ्या प्रेमाने तिच्यावर फोमचा थर आणि वर सायकलच्या हँडलचे रबर चढवले होते. मूठ इतकी जाड झाली होती की ती त्या लहानशा पंजात मावत नव्हती. म्हणून ती आवळावी लागे आणि आवळली की मनगट वाकडे होई. दुखण्याचे कारण माझ्या टेबलावर पडले होते. ते पाहायला मला तीन भेटी लागल्या. दरम्यान जिल्हा निवडचाचणी होऊन गेली होती आणि त्या वयोगटातील तिचे ते शेवटचे वर्ष होते.

ही मूठ एवढी महत्त्वाची का, हे समजून घेण्यासाठी थोडे गणित पाहू. ऑलिंपिकमधील रिकर्व्ह प्रकारात लक्ष्य ७० मीटरवर असते आणि १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास १२.२ सेंटीमीटर असतो. म्हणजे मध्यबिंदूपासून अवघ्या ६ सेंटीमीटरांची मुभा. कोनाच्या भाषेत ती एका अंशाचा सुमारे विसावा भाग भरते. प्रत्यंचा सुटल्यापासून बाण तिच्यापासून विलग होईपर्यंत सुमारे १५ ते २० मिलिसेकंद जातात, आणि डोळ्याने पाहून हाताने प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. त्या अवधीत मुठीवरील हाताने धनुष्याला किंचित जरी पीळ दिला, तरी बाणाचे मागचे टोक सरकते आणि चूक दुरुस्त करण्याची संधी कोणालाच मिळत नाही. म्हणून हाताची जागा बाण सोडण्यापूर्वीच निश्चित झालेली असावी लागते, आणि प्रत्येक बाणाच्या वेळी तीच असावी लागते. चांगल्या मुठीचे काम एवढेच, की हात दर वेळी त्याच जागी आपोआप येऊन बसावा.

आता शरीररचनेकडे वळू. पहिल्या वर्षाचे पाठ येथे अकस्मात जिवंत होतात. अंगठा आणि तर्जनी यांमधील खोबण मुठीच्या सर्वांत खोल भागात बसावी आणि मुख्य दाब अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या उंचवट्यावर, म्हणजे ‘थेनार’वर, यावा. हस्तसामुद्रिक जिला जीवनरेषा म्हणते, ती येथे सीमारेषा ठरते : मुठीचा स्पर्श त्या रेषेच्या अंगठ्याकडील बाजूसच राहावा. बोटांची पेरे उभ्या रेषेशी साधारण ४५ अंशांचा कोन करून तिरकी असावीत. असे झाले म्हणजे दाब मनगटातून सरळ ‘रेडियस’ अस्थीकडे जातो; भार हाडे वाहतात, स्नायूंना आवळावे लागत नाही. कोपराचा आतला भागही प्रत्यंचेच्या वाटेतून बाजूला राहतो.

हात जीवनरेषा ओलांडून करंगळीकडे सरकला की बळाची रेषा मध्यापासून ढळते आणि धनुष्याला पीळ बसतो. तळहाताच्या मुळाशी दाब साठला तर ‘मीडियन’ मज्जातंतू तक्रार करतो. करंगळीच्या बाजूस साठला तर ‘अल्नर’. मनगट सतत ताठ धरले तर कोपराच्या बाहेरच्या बाजूस तेच दुखणे सुरू होते, ज्याला आपण सवयीने ‘टेनिस एल्बो’ म्हणतो. माझ्या त्या रुग्णाचे धनुष्य २६ पौंडांचे, म्हणजे सुमारे १२ किलोचे होते. दिवसाला शंभर बाण धरले, तरी कोवळ्या तळहातावर दररोज बाराशे किलोंचा भार येतो. तो कोठे टेकतो हा प्रश्न गौण कसा मानावा?

आपल्या पूर्वजांनी तो गौण मानला नसावा. अमरकोशात धनुष्याच्या मध्यभागास, म्हणजे धरण्याच्या जागेस, ‘लस्तक’ असे स्वतंत्र नाव आहे, आणि प्रत्यंचेच्या आघातापासून हाताचे रक्षण करणाऱ्या चर्मपट्ट्यास ‘गोधा’. ज्या वस्तूला भाषा वेगळे नाव देते, तिच्याकडे कोणीतरी निरखून पाहिलेले असते.

मूठ निवडायची कशी? बाजारात स्थूलमानाने तीन प्रकार मिळतात. उंच मुठीत मनगट जवळजवळ सरळ राहते, स्पर्शाचे क्षेत्र लहान असते, म्हणून पीळ कमी बसतो. परंतु मनगटाला श्रम पडतात आणि थकवा आला की हात खचतो. सखल मुठीत तळहाताचा खालचा भागही टेकतो, मनगट विसावते. मात्र तेथील दाब कमी-जास्त झाला की बाण वर-खाली जातात. मध्यम मूठ हा दोहोंमधील समझोता आहे आणि नवशिक्याने तेथूनच आरंभ करणे शहाणपणाचे. उत्तम खेळाडू तिन्ही प्रकारांत सापडतात. म्हणून ‘सर्वोत्तम मूठ कोणती’ या प्रश्नाला अर्थ नाही, ‘या हाताला कोणती’ एवढाच प्रश्न खरा.

पृष्ठभागाचाही विचार हवा. आपल्या सुरतेची दमट हवा आणि घामाने ओले झालेले तळहात सर्वांच्या परिचयाचे आहेत. अशा वेळी मऊ रबर सुखद वाटते. पण ते कातडीला चिकटते, हात आपल्या नैसर्गिक जागी सरकू शकत नाही आणि चुकीच्या जागी बसला तर तेथेच अडकतो. लाकडाची किंवा कठीण प्लॅस्टिकची गुळगुळीत मूठ हाताला आपली जागा शोधू देते. फार घाम येत असेल तर तिच्यावर पातळ, खरखरीत पट्टी पुरते. हाताला मऊ लागणे आणि हात योग्य बसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या वडिलांची चूक झाली ती येथेच, आणि ती प्रेमापोटी झाली.

परीक्षा अगदी घरगुती आहे. मुठीला थोडी टाल्कम पावडर किंवा ओले कुंकू लावावे, धनुष्य ताणून पुन्हा सावकाश सैल सोडावे आणि तळहातावरील ठसा पाहावा. (रिकामी प्रत्यंचा मात्र कधीही सोडू नये, धनुष्य मोडते.) असे दहा वेळा केल्यावर ठसा दहाही वेळा जीवनरेषेच्या अलीकडे आणि एकाच जागी उमटला, तर मूठ त्या हाताची आहे. दुसरी परीक्षा बाण सुटल्यावरची : धनुष्य सरळ पुढे झेपावते की डावी-उजवीकडे झटका देते? झटका देत असेल तर हात आवळला जात आहे. बोटे सैल राहावीत म्हणून अंगठा व तर्जनी यांमध्ये बांधायची ‘स्लिंग’ असते. बुटाच्या नाडीचीही ती होते. ती असली म्हणजे धनुष्य पडण्याची भीती उरत नाही, आणि भीती गेली की मूठ आपोआप सैल होते. मूठ किंचित जाड असेल तर लाकूड कानशीने घासता येते, कमी पडत असेल तर हार्डवेअरच्या दुकानातील एपॉक्सी पुट्टीने भरता येते. एका वेळी एकच बदल करावा, आणि तो प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली करावा.

आमच्या त्या मुलीच्या बाबतीत रबर आणि फोम काढून टाकले, नाडीची स्लिंग बांधली, प्रशिक्षकांनी हात नव्याने बसवून दिला. दीड महिन्यात मुंग्या थांबल्या. पुढे ती दोन वर्षे खेळली, नंतर शिक्षणामुळे खेळ सुटला. त्या वर्षी ती निवडली गेली असती की नाही, हे सांगता येणार नाही. तिची संधी मात्र माझ्या सल्ल्याने गेली, हे मला सांगता येते.

काही सहकारी म्हणतील, ‘हे प्रशिक्षकाचे काम, डॉक्टरांनी यात का पडावे?’ आक्षेप रास्त आहे. मूठ निवडणे हे आपले काम नाहीच. पण ‘खेळ बंद करा’ हे शब्द उच्चारण्याचा अधिकार आपण बजावतो, तेव्हा त्याआधी साधन पाहण्याचे कर्तव्यही आपल्यावर येते. शस्त्रक्रियागृहात आपण साडेसहा, सात, साडेसात असे हातमोजे मागून घेतो. अर्ध्या आकाराचा फरक आपल्याला खपत नाही. मग चौदा वर्षांच्या मुलीने प्रौढाच्या मापाची मूठ निमूटपणे का स्वीकारावी? आपल्याच शहरातील हिऱ्याचे कारागीर पाहा. घंटीवर हिरा टेकवताना ते जोर करत नाहीत. कोन आधी साधतात. रत्नकलाकाराला जे कळते ते आपल्यालाही कळायला हवे.

अर्थात प्रत्येक दुखण्याचे मूळ मुठीत शोधणे हाही अतिरेकच होईल. मुंग्या रात्रीही येत असतील, अंगठ्याची शक्ती कमी झाली असेल, थेनारचा उंचवटा खपाटीला जात असेल, तर मज्जातंतूंची तपासणी टाळता कामा नये. वाढत्या वयात पेलवणार नाही इतके जड धनुष्य हातात दिलेले असेल, तर कोणतीही मूठ त्याला वाचवणार नाही.

हा विषय आज विशेष निकडीचा आहे. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि मूळचा नागपूरचा, साताऱ्यात प्रशिक्षण घेणारा ओजस देवतळे हे दोघे एकाच दिवशी जगज्जेते झाले. ओजसने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मिळवले. म्हणजे ५० मीटरवरील ८ सेंटीमीटरच्या वर्तुळात पंधराच्या पंधरा बाण. त्याआधी सातारा जिल्ह्यातील सरडे गावचा, मजुरी करणाऱ्या आईवडिलांचा मुलगा प्रवीण जाधव २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोहोचला होता. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही असणार आहे. ही नावे ऐकून आपल्या उधना, लिंबायत, डिंडोलीतील मराठी घरांतली मुले-मुली धनुष्य हाती घेणार, आणि त्यांची मनगटे दुखू लागली की ती आपल्याच दवाखान्याच्या पायऱ्या चढणार.

तेव्हा माझी सर्व सन्मित्रांना एकच विनंती आहे. असा खेळाडू आला, तर चिठ्ठी लिहिण्यापूर्वी त्याला म्हणावे, “उद्या धनुष्य घेऊन या.” हात कोठे टेकतो ते पाहावे, बोटे सैल आहेत का ते पाहावे, मग काय ते लिहावे. बाण सुटल्यावर धनुष्य त्याच्या हातातून अलगद पुढे गळून स्लिंगवर विसावले, तर चिंतेचे कारण नाही. अर्जुनाच्या बाबतीत जे विषादाचे लक्षण होते, ते या मुलांच्या बाबतीत हात मोकळा आणि निर्भय असल्याचे चिन्ह आहे.