मोटेचे बैल दमायचे, मोटर दमत नाही



हंगाम तोंडावर आला की आमच्या शेतकी खात्यात एकच प्रश्न ऐकू येतो, "साहेब, आमच्या उसाला तोड कधी?" प्रश्न रास्त आहे. पण यंदा आम्ही तुम्हाला उलटा प्रश्न विचारणार आहोत. तुमच्या उसाला एका पाळीला पाणी किती लागतं? तास सांगू नका, लिटर सांगा. बांधावर उभं राहून हा प्रश्न आम्ही अनेकांना विचारला. बहुतेकांचं उत्तर एकच, "सरी भरली की बंद करतो."

यात आम्ही तुम्हाला नावं ठेवत नाही. हे मोजमाप आपल्या हातून कसं सुटलं, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे.

आम्ही मूळचे गारखेड्याचे. आज गारखेडा म्हटलं की छत्रपती संभाजीनगरातला सूतगिरणी चौक आणि क्रीडा संकुल आठवतं. आमच्या लहानपणी शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि आमच्या घरामागे शेत होतं. विहिरीवर मोटेची धाव आणि थारोळ्याचे दगड शिल्लक होते. मोट चालताना आम्ही पाहिली नाही, आजोबांच्या तोंडून ऐकली. नाडा कुठे झिजला, सोंदूर कधी ढिला सोडायचा, हे ते रंगून सांगत. पण एक गोष्ट आम्हाला फार उशिरा समजली. आजोबा पाणी मोटांनी मोजत. सकाळपासून किती मोटा झाल्या, हे त्यांना तोंडपाठ असे. बैल दमले की पाणी थांबलं. म्हणून ऊस किती लावायचा, हे बैलांच्या ताकदीवर ठरायचं. आमच्याकडे तो चार-पाच गुंठ्यांच्या वर कधी गेला नाही.

मग ऑईल इंजिन आलं. हँडल मारून ते सुरू करण्यात आम्हा पोरांना मोठा पराक्रम वाटे. बैल सुटले, पण वडिलांची नजर डिझेलच्या डब्यावर असायची. डबा तळाला गेला की ते इंजिन बंद करत. म्हणजे मोजमाप होतंच, मोटांऐवजी डब्यांचं.

पुढे विजेची मोटर आली. डिझेलची चिंता मिटली, पण लाईट रात्री-बेरात्री यायची. अंधारात साप-विंचू चुकवत बांधावर जावं लागे. मग ऑटो स्टार्टर आला. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. आता कबूल करायला लाज कसली! पदविकेच्या सुटीत आम्ही पैठणकडे मामाच्या मळ्यात होतो. स्टार्टर ऑटोवर टाकून खुशाल झोपलो. पहाटे पाहतो तर आपली सरी भरून, बांध फुटून, शेजाऱ्याच्या नुकत्या उगवलेल्या कपाशीत तळं साचलेलं. मामा काही बोलले नाहीत. खोरं घेऊन बांध घालायला लागले. ते न बोलणं आम्हाला अजून आठवतं.

नंतर बोअर आली, पाणबुडी मोटर आली, मोबाईलवरून मोटर सुरू करणारं यंत्र आलं. 2024 साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत विजेची योजना आली. प्रत्येक गोष्टीने शेतकऱ्याचे कष्ट वाचवले, आणि आम्ही त्याच्या आनंदात आहोत. मोटेचे दिवस परत यावेत असं म्हणणाऱ्याने एक दिवस मोट हाकून पाहावी. पण प्रत्येक यंत्राबरोबर एकेक लगामही सुटला. आधी बैलाच्या दमाचा, मग डिझेलच्या डब्याचा, मग झोपमोडीचा, शेवटी बिलाचा. पाणी उपसायची यंत्रं आपण भराभर घेतली. पाणी मोजायचं यंत्र मात्र दारात उभं आहे आणि आपण त्याला आत घेत नाही.

मोजायला फार काही लागत नाही. 200 लिटरचा एक ड्रम पाइपाखाली धरा आणि घड्याळ पाहा. 25 सेकंदांत भरला तर तुमची मोटर सेकंदाला 8 लिटर, म्हणजे तासाला 28,800 लिटर पाणी देते. एकराला 10 तास लागले तर एका पाळीला 2 लाख 88 हजार लिटर झाले. उन्हाळ्यात दिवसाचं बाष्पीभवन 6 मिलिमीटर धरलं तर एक एकर वाढलेल्या उसाला रोज साधारण 24 हजार लिटर लागतात. म्हणजे ही पाळी मोठ्या उसाला बारा दिवस पुरावी. पण दीड महिन्याच्या कोवळ्या उसाची गरज याच्या निम्म्याहूनही कमी असते. आपण मात्र त्यालाही सरी भरूनच पाणी देतो. बाकीचं पाणी मुळाखाली जातं, जाताना खत घेऊन जातं, आणि रान चोपण होतं ते वेगळंच.

ठिबकने सर्व प्रश्न सुटतात, असंही आम्ही म्हणणार नाही. उसाला ठिबक सक्तीचं करण्याचा निर्णय राज्य शासनाने 2017 साली घेतला होता. खर्च मोठा, नळ्या उंदीर कुरतडतात, फिल्टर चोंदतो, या तुमच्या तक्रारी खऱ्या आहेत. ठिबक बसवून मोटर सवयीने सहा-सहा तास चालवणारेही आम्ही पाहिले आहेत. बारामतीला कृत्रिम बुद्धिमत्तेवर उसाचा प्रयोग झाला, जमिनीतला ओलावा मोबाईलवर दिसू लागला. उत्तम आहे. पण मोबाईलने सांगितलं तरी व्हॉल्व्ह बंद करायचं मन आपलंच लागतं.

यात कारखान्याचाही जीव अडकलेला आहे. 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं, हे कोण विसरेल? त्या दुष्काळाचा फटका असा बसला की राज्याचं साखर उत्पादन 2015-16 च्या सुमारे 84 लाख टनांवरून पुढच्या हंगामात 42 लाख टनांवर आलं. पाणी आटलं की ऊस जातो, ऊस गेला की गव्हाण रिकामी राहते. मग भाव किती मिळाला यावर भांडायलाही काही उरत नाही.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. जायकवाडीचं धरण 1976 साली पुरं झालं. आपल्या गोदाकाठच्या उसाला त्याचं पाणी मिळतं, आणि शहराच्या नळालाही तेच जातं. गारखेड्यात आमच्या नात्यातल्या बायाबापड्यांनी नळाची वाट पाहत कित्येक दिवस घागरी पुरवून वापरलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. "तुमचा ऊस सगळं पाणी पितो," असं त्या आम्हाला तोंडावर ऐकवतात. पूर्वी आम्ही चिडायचो. आता वाटतं, चिडून उपयोग नाही, आकडा दाखवता आला पाहिजे. ज्याच्याकडे हिशेब आहे त्यालाच मान वर करून बोलता येतं.

म्हणून आमची एक सूचना आहे. हे आमचं मत आहे, संचालक मंडळाचा ठराव नव्हे. ऊस नोंदणीच्या अर्जात लागणीची तारीख, जात, क्षेत्र हे सगळं असतं. पाण्याचा रकाना नाही. तो घालावा. सभासदाने मोटरीचे तास आणि ड्रमचं माप एवढंच लिहावं. कोणाला दंड करण्यासाठी नव्हे, तर आपापल्या गटात कमी पाण्यात जास्त टन कोण काढतो, हे सर्वांना कळावं म्हणून. वार्षिक सभेत हा विषय तुम्हीच मांडावा, अशी विनंती आहे. तोवर खोडव्यात पाचट जाळू नका, सरीत पसरा. त्याला यंत्र लागत नाही.

आमच्या आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मोटा मोजता येत होत्या. आपल्याला लिहिता येतं. या हंगामात तुमच्या बांधावर आम्ही येऊ तेव्हा ड्रम आणि घड्याळ आम्हीच बरोबर आणू. तुम्ही फक्त मोटर चालू करा.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी