सातबाऱ्यावर बाई कोठे आहे?

आखाजी आली म्हणजे खानदेशातील लेकी माहेरी येतात. झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. मग लेक सासरी निघाली म्हणजे भाऊ हळूच म्हणतो, ‘ताई, तालुक्याला येऊन एवढी सही करून जा.’ ती सही हक्कसोडपत्रावर असते! भावाचे मन मोडू नये म्हणून लेक बापाच्या जमिनीवर पाणी सोडते.

जळगाव-धुळ्याच्या शेतांत निंदणी कोण करते? कपाशी कोण वेचते? बाई. सातबारा मात्र बहुतेक घरी पुरुषाचा. 2015-16 च्या कृषिगणनेत साऱ्या देशात शंभर वहितदारांत बायका चौदाही भरल्या नाहीत. नाव नाही म्हणून सोसायटीचे पीककर्ज नाही. 2019 साली सुरू झालेल्या किसान सन्मान निधीचे वर्षाचे सहा हजारही तिच्या हाती नाहीत.

हा कागद आला कोठून? इंग्रजाने सारा ठरविण्यासाठी जमिनीची मोजणी आणली, तेव्हा 1852 साली सावदा, फैजपूर, एरंडोलकडील शेतकरी तिच्याविरुद्ध उठले. साहेबाने खातेदार ठरविला तो बहुधा घरचा कर्ता पुरुष. जमिनीचा कागद व नवी अवजारे पुरुषाच्या हाती देऊन गोऱ्या राज्यकर्त्यांनी शेतकरणीला मागे लोटले, हे डेन्मार्कच्या विदुषी एस्टर बोसरप यांनी 1970 साली जगापुढे मांडले. परंतु इंग्रज जाऊन पाऊणशेहून अधिक वर्षे झाली. ज्या मोजणीवर आमचे वाडवडील उठले, तिचाच कागद आज आम्ही लेकींपुढे ढाल म्हणून धरतो, त्याचा दोष कोणाच्या माथी मारावा?

कायदा तर केव्हाच झाला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्राने 1994 साली दिला, साऱ्या देशात तो 2005 साली आला. आमचे बांधव म्हणतात, ‘लग्नात हुंडा दिला, तोच तिचा वाटा.’ हुंडा गेला सासऱ्याच्या पेटीत. बाईच्या हाती काय आले? म्हणतात, ‘जमिनीचे तुकडे होतील.’ चार भाऊ वाटणी करतात तेव्हा ही काळजी कोठे जाते? वरच्यांनी आमचे हक्क बुडविले म्हणून सभेत गळा काढावयाचा आणि घरी बहिणीचा हक्क आपणच बुडवावयाचा, ही कसली समता?

हे बदलता येते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा आमच्याच जळगाव जिल्ह्यातील विटनेरच्या शेतकऱ्यांनी राजीखुशीने बायकांच्या नावे जमिनी करून दिल्या. पुढे 1992 साली सरकारनेही परिपत्रक काढून पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची वाट मोकळी केली. विटनेरास जे साधले ते इतर गावांस का साधू नये?

सरकारने 2024 साली लाडक्या बहिणीला महिना दीड हजार देऊ केले. ते तिने अवश्य घ्यावेत. परंतु तसला पैसा आज आहे, उद्या नाही. जमीन मात्र जागची हलत नाही. सरकारने बहिणीला लाडकी म्हणावे आणि सख्ख्या भावाने तिला ‘हक्क सोड’ म्हणावे, हा कोठला न्याय?

बांधवांनो, येत्या आखाजीला लेकीला साडी नेसवाच. पण तो हक्कसोडीचा कागद फाडून टाका. आणि तलाठ्याकडे जाल, तेव्हा घरधनिणीचे नाव लावून या.